म्हापसा की बाणावली? किचनवाला फ्लॅट घेऊन गोव्यात राहायचं तर

एप्रिल उजाडला की सांगलीहून नणंदेचा फोन येतो. "वहिनी, यंदा हॉटेल नको, किचनवाला फ्लॅट बघा. पण कुठे घेऊ, तुमच्याकडे की साउथला?" आमच्याकडे म्हणजे म्हापशाला. माझं उत्तर ठरलेलं. घरी रांधायचं असेल तर आधी बाजार बघा, मग समुद्र.

म्हापशाचा बाजार शुक्रवारी भरतो तेव्हा बघावा. इतर दिवशीही चालू असतो, पण शुक्रवारी गावोगावच्या बायका टोपल्या घेऊन येतात. मोयऱ्याची लांबलचक केळी, उकडे तांदूळ, सोलं (आमसुलं), मेमध्ये मानकुराद आंबे आणि पावसाळ्याच्या बेगमीची सुकी मासळी. ताजी मासळी वाट्यावर, म्हणजे वजनावर नाही, ढिगाच्या भावाने. सांगितलेल्या भावाला लगेच मान डोलावू नका, "मातशें उणें कर गे" (जरा कमी कर गं) म्हणून बघा. बांगडा किंवा तारले (छोटी, स्वस्त मासळी) घेतलेत तर चौघांचं भागतं, इसवण (तुमची सुरमई) घेतलीत की हिशेब पार बदलतो. भाजीसाठी फलोत्पादन महामंडळाचे गाळे शोधा. माल बेळगावचाच, पण किनाऱ्यावरच्या दुकानांपेक्षा स्वस्त.

साउथला, म्हणजे दक्षिण गोव्यातल्या बाणावली-कोलव्याला उलटं. दारातून बाहेर पडलं की वाळू. वेळसावपासून मोबोरपर्यंत सलग सपाट किनारा, त्यामुळे पोरांना दिवसभर फावडं आणि बादली पुरते. सकाळी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढलेली सापडली तर मासळी तिथेच मिळते. पण ती सापडेल या भरवशावर चूल पेटवता येत नाही. बाकी सामानाला सहा-सात किलोमीटरवरचं मडगाव गाठावं लागतं. बस आहे, तरी दोन पिशव्या आणि एक रडकं पोर घेऊन ती फेरी एकदा करून बघा.

सकाळचा प्रश्न मात्र दोन्हीकडे सुटलेला. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत येतो. त्याच्याकडून गरम पोई (कोंड्याचा गोल पाव) घ्यायची, घरी पातळ भाजी करायची, नाश्ता झाला.

खर्च खरा वाचतो तो जेवण कोणतं घरी करायचं यावर. तीन्ही वेळा रांधणारी बाई सुट्टीवर आलेली नसते, एवढंच सांगते. नाश्ता आणि रात्रीचं घरी ठेवा, दुपारचं बाहेर. साध्या खानावळीत फिश थाळी 150 ते 250 रुपयांत होते, आणि भटकत असाल तिथेच खाता येते. जेवायला परत येण्यात पेट्रोल आणि वेळ दोन्ही जातं. रात्री किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये बसलात की त्याच माशाचे पैसे दुपटीच्या पुढे. म्हणून सकाळीच मासळी साफ करून घ्यायची (बाजारात थोड्या पैशांत करून देतात), मीठ-हळद लावून फ्रिजमध्ये ठेवायची आणि संध्याकाळी रव्यात तळायची.

म्हणजे फ्रिज हवाच. गेल्या वर्षी नणंदेने परस्पर एक फ्लॅट घेतला, किचन 'पूर्ण सुसज्ज'. प्रत्यक्षात एक इंडक्शन, एक किटली, चार ताटल्या. तिने सांगलीहून आणलेला ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापेचना! दोन दिवस सगळी जेवणं बाहेर झाली, मग माझी स्टीलची भांडी पाठवली. बुकिंगआधी विचारून घ्या: गॅस आहे का, सिलिंडर भरलेला आहे का, कुकर, तवा, विळी आहे का, मासे केलेले चालतात का. आणि किनाऱ्यावर शेगडी पेटवायचा विचार करू नका. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्याला 2019 पासून बंदी आहे, दंड बसतो.

फिरण्यात म्हापसा सरस. पणजी 13 किलोमीटर, बस सारखी. तिथल्या फोंताइन्याश या जुन्या वस्तीच्या गल्ल्या, जुन्या गोव्यातलं बॉम जेझूचं बॅसिलिका आणि से कॅथेड्रल ही चर्चेस, यांना तिकीट नाही. जुन्या गोव्याहून दिवाडी बेटावर फेरीबोटीने जा, चालत चढणाऱ्याला पैसे पडत नाहीत. मुलांना चर्चपेक्षा ती बोटच आवडते. शापोराच्या किल्ल्यावर सूर्यास्तही फुकट. बाणावलीत 'गोवा चित्र' हे जुन्या अवजारांचं संग्रहालय पाहण्यासारखं, पण त्यानंतर समुद्र सोडून काही हवं असेल तर गाडी लागतेच. भाड्याची घेतलीत तर नंबरप्लेट काळी, अक्षरं पिवळी, एवढं बघा.

पोरं सहाच्या आतली असतील आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर बाणावली, तीही चार दिवसांपुरती. बाकी सगळ्यांना मी म्हापसाच सांगते. जून-जुलैत येत असाल तर मासळीचा बेत विसरा, 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरना बंदी असते आणि बाजारात भाव चढलेले असतात.

नणंद यंदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात येतेय. तिला सांगितलंय, आंबोलीमार्गे गुरुवारी संध्याकाळपर्यंत पोच, म्हणजे शुक्रवारचा बाजार चुकायचा नाही. कुकर या खेपेला स्टीलचा आणायला सांगितलाय.