उगाबकाठची भिंत की ह्लुह्लुवेतील टेहळणी

आफ्रिकेच्या रानात स्वयंसेवक म्हणून दोन आठवडे द्यायचे असतील, तर निदान दोन वेगळ्या वाटा आहेत. दक्षिण आफ्रिकेतील ह्लुह्लुवे-इम्फोलोझी हे १८९५ मध्ये राखीव झालेले, पांढऱ्या गेंड्याला नामशेष होण्यापासून वाचवणारे अभयारण्य आहे. तेथे पहाटे आणि संध्याकाळी गाडीतून फिरून, रानकुत्र्यांच्या गळ्यात बांधलेल्या रेडिओ-पट्ट्यांचे संकेत अँटेनाने टिपत त्यांच्या कळपांची नोंद ठेवायची असते. काम शिस्तीचे आहे. पण कुंपणापलीकडच्या गावांशी संबंध थोडाच येतो.

नामिबियात, उगाब नदीच्या कोरड्या पात्रालगत, चित्र निराळे आहे. येथे वाळवंटाशी जुळवून घेतलेले हत्ती मोकळे फिरतात आणि तहानेपोटी शेतकऱ्यांच्या टाक्या, पंप व नळ मोडतात. (दोडामार्ग-चंदगडकडे हत्तींनी केलेली नासधूस पाहिलेल्यांना ही व्यथा वेगळी सांगावी लागणार नाही.) म्हणून स्वयंसेवक आधी दगड-सिमेंटची भिंत बांधून पाण्याची यंत्रणा सुरक्षित करतात आणि मगच हत्तींच्या मागावर निघतात. १९९६ च्या कायद्याने नामिबियातील ग्रामसमूहांना आपापल्या क्षेत्रातील वन्यजीवांवर हक्क आणि त्यांपासूनचे उत्पन्न मिळू लागले, त्यामुळे हत्ती जगण्यात गावाचेही हित असते.

प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्याने ह्लुह्लुवे निवडावे. मला मात्र उगाबची वाट अधिक मोलाची वाटते, कारण आपण परतल्यानंतरही ती भिंत त्या शेतकऱ्याचे पाणी राखत उभी असते.