जुन्या पिकअपला पुढच्या चाकांचे मॅन्युअल हब: नाशिकच्या चिखलात एक हंगाम वापरल्यानंतर

जुन्या फोर बाय फोर पिकअपच्या पुढच्या चाकांतले व्हॅक्यूमवर चालणारे ऑटो हब काढून त्यांच्या जागी हाताने फिरवायचे फ्री-व्हीलिंग हब बसवावेत का, हा प्रश्न नाशिक परिसरातल्या बऱ्याच गाडीमालकांपुढे आहे. त्या पिढीतल्या गाड्या आता पंधरा वर्षांच्या पुढे गेल्या आहेत आणि इंजिन, चासी, गिअरबॉक्स ठणठणीत असताना नेमकी पुढच्या चाकापर्यंत ताकद पोहोचवणारी ही छोटी वस्तू दगा देते. दिंडोरी तालुक्यातली आमची द्राक्षबाग आणि पेठच्या हद्दीला लागून असलेली भातखाचरे या दोन्हींच्या कामाला आमची एकच डबल केबिन पिकअप आहे. तिच्या पुढच्या चाकांना मॅन्युअल हबची देशी बनावटीची जोडी बसवल्याला एक पूर्ण पावसाळा आणि द्राक्षांचा एक हंगाम झाला, त्यामुळे ती जोडी आणि ती बसवून घेण्याचे काम या दोन्हींबद्दल आता खात्रीने लिहिता येते.

हब नेमके काय करतो हे आधी स्पष्ट असले पाहिजे, कारण दुकानात उभे राहून ऐकलेल्या बऱ्याच गोष्टी या एका मुद्द्यावर घसरतात. पार्ट-टाइम फोर बाय फोर, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाके ओढणाऱ्या गाडीत पुढचे चाक आपल्या बेअरिंगवर फिरत असते आणि त्याच्या पोटातून पुढचा अ‍ॅक्सल बाहेर आलेला असतो. हब मोकळा असेल तर चाक फिरते आणि अ‍ॅक्सल, पुढचे डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा संच) व त्याला ताकद आणून देणारा पुढचा प्रोपेलर शाफ्ट स्वस्थ राहतात. हब लॉक केला की चाक आणि अ‍ॅक्सल एकत्र फिरू लागतात. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपना असा हब नव्हता, चाक आणि अ‍ॅक्सल फ्लँजने, म्हणजे बोल्टने आवळलेल्या चकतीने, कायमचे जोडलेले असत. युद्धानंतर त्या जीप साध्या रस्त्यांवर वापरल्या जाऊ लागल्या, तेव्हा 1948 साली अमेरिकेत सुरू झालेल्या वॉर्न कंपनीने पुढची चाके मोकळी करणारे हब बनवायला घेतले आणि आज बाजारात मिळणाऱ्या मॅन्युअल हबचे तत्त्व तेव्हापासून फारसे बदललेले नाही.

ऑटो हबने चालकाचा खाली उतरण्याचा त्रास वाचवला, पण त्याबरोबर रबराच्या नळ्यांचे एक जाळे गाडीखाली आणले. डिझेल इंजिनात व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप लागतो, तो बहुधा अल्टरनेटरलाच जोडलेला असतो. तिथून नळ्या आणि सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप होणारा व्हॉल्व्ह, यांमार्गे व्हॅक्यूम चाकाच्या नकलपर्यंत, म्हणजे चाक पेलणाऱ्या भागापर्यंत जातो, सीलमधून हबच्या आत पोहोचतो आणि आतला पडदा ओढून दातेरी कडी अ‍ॅक्सलच्या स्प्लाइनवर, म्हणजे टोकावरच्या लांबट दातांवर, सरकवतो. या वाटेवर कुठेही नळीला चीर गेली किंवा नकलमधले सील झिजले की कडी अर्धवट सरकते, दातावर दात घासून कटकट असा आवाज येतो आणि व्हॅक्यूमच्या ओढीने चिखलाचे पाणी हबच्या आत शिरते. फसवणारी गोष्ट म्हणजे डॅशबोर्डवरचा फोर बाय फोरचा दिवा तरीही लागतो, कारण तो ट्रान्सफर केस (पुढच्या शाफ्टला ताकद देणारी गिअरची पेटी) गुंतल्याचे सांगतो, हब गुंतल्याचे सांगत नाही. शिवाय पुढचे डिफरन्शियल साधे असल्याने दोनपैकी एकच हब मोकळा राहिला तरी सगळी ताकद त्या मोकळ्या अ‍ॅक्सलला गरगर फिरवण्यात जाते आणि दुसरे, नीट लॉक झालेले चाकही ओढत नाही. आमच्या गाडीचे हेच झाले होते. पाणंद रस्त्यावर दिवा लागलेला, मागची चाके काळ्या मातीत रुतत चाललेली आणि पुढची दोन्ही चाके जागच्या जागी थंड उभी!

नव्या हबची जोडी आम्ही शहरातल्याच एका स्पेअर पार्टच्या दुकानातून मागवून घेतली. दुकानदाराचे एक काम मला मनापासून आवडले. त्याने गाडीचे मॉडेल आणि साल एवढ्यावर वस्तू काढून दिली नाही, तर जुना हब उघडून आणायला लावला, अ‍ॅक्सलच्या स्प्लाइनचे दात मोजले, बोल्टांच्या भोकांचे अंतर आणि हबच्या तोंडाची खोली पडताळली आणि मगच ऑर्डर घेतली. एकाच मॉडेलच्या गाडीत सालागणिक अ‍ॅक्सल बदललेले असतात, त्यामुळे हा आग्रह योग्यच होता. त्याच दुकानात मायलेज वाढेल असेही सांगण्यात आले. ते मात्र आमच्या बाबतीत लागू नव्हते. ऑटो हब टू-व्हील ड्राइव्हमध्ये मोकळाच असतो, मग त्याच्या जागी दुसरा मोकळा हब बसवून डिझेल कसे वाचणार? जुना हब लॉक स्थितीत अडकून बसला असेल किंवा गाडीला कायमच्या फ्लँज असतील, तरच थोडाफार फरक पडू शकतो. आम्हाला मायलेजमध्ये काहीही फरक जाणवलेला नाही आणि तशी अपेक्षाही नव्हती.

वस्तू म्हणून ही जोडी चांगली आहे, उत्तम म्हणणार नाही. आतली कडी आणि दातांचे मशीनिंग स्वच्छ आहे, दातांच्या कडांवर कापताना राहिलेली खरखरीत किनार (बर) नाही, स्प्रिंग ताठ आहे आणि लॉक होताना बोटांना खटका स्पष्ट जाणवतो. तोंडावरची फिरकी मात्र अ‍ॅल्युमिनियमची आणि उथळ आहे. ती चिखलाने भरली, त्यात हात ओले असले, की पकड मिळत नाही, आणि फ्री व लॉक ही अक्षरे नुसती रंगवलेली असल्याने पहिल्याच पावसाळ्यात पुसट झाली. फिरकीखालची ओ-रिंग मला बारीक वाटली, तर डब्यातले कागदी गॅस्केट इतके पातळ होते की मिस्त्रींनी ते बाजूला ठेवून जाड गॅस्केट कापून घेतले. किमतीचे म्हणाल तर पूर्ण जोडी नव्या चार टायरांच्या खर्चापेक्षा बरीच कमी पडली. दोन्ही बाजूंचे ऑटो हब, नळ्या आणि सोलेनॉइड नवे घालण्याचा खर्च याहून जास्त होता आणि तो करूनही काही वर्षांनी पुन्हा त्याच नळ्यांच्या मागे लागावे लागले असते.

खरे काम पुढे आहे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकमध्ये हाताला वळण असलेला कामगार आणि चांगला लेथवाला मिळणे अवघड नाही, तरीही हब बदलताना चाकाच्या बेअरिंगचा नट कसा उघडला आणि कसा आवळला जातो, यावर गॅरेजची परीक्षा होते. हा नट साध्या पान्याचा नसतो, त्याला खोलगट नळीसारखा खास पाना लागतो आणि तो नसला की बहुतेक ठिकाणी छिन्नी लावून हातोड्याने ठोकत नट फिरवला जातो. आमच्या गाडीच्या उजव्या नटावर आधीच्या अशा ठोकाठोकीचे वण होते. त्याच्या चार खाचांपैकी दोन पसरट झालेल्या आणि मागच्या वॉशरचे कान मोडलेले होते. आम्ही निवडलेल्या गॅरेजचे मिस्त्री वयाने मोठे आणि कामात शिस्तीचे आहेत. त्यांनी तो नट हातात धरून मला दाखवला. म्हणाले, "दादा, हा परत बसवायचा नाही. नवा नट आणा, आणि पान्याचं माझ्याकडे लागलं. लेथवर नळी करून घेतो." दुसऱ्या दिवशी जाड पाइपच्या तोंडाला चार दात काढून केलेला पाना तयार होता आणि काम त्यानेच झाले.

बेअरिंग त्यांनी केरोसीनमध्ये धुऊन प्रत्येक रोलर उजेडात फिरवून पाहिला. डावीकडच्या बाहेरच्या बेअरिंगवर पाणी शिरल्याचे तपकिरी डाग निघाले, म्हणून ते बाहेरच्या कड्यासकट (कप) बदलले. ग्रीस भरताना तळहातावर गोळा घेऊन बेअरिंगची कड त्यावर दाबत राहायचे, ग्रीस दुसऱ्या बाजूने रोलरांमधून वर येईपर्यंत, ही जुनी पद्धत त्यांनी वापरली. नट आवळतानाही घाई नव्हती. चाकाचा हब हाताने फिरवत आधी नट घट्ट केला, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात, मग तो सैल केला आणि पुन्हा बेताने आवळत चाकाच्या बोल्टला स्प्रिंग-काटा अडकवून हब फिरायला किती ओढ लागते ते मोजले. चाक चढवल्यावर वर आणि खाली धरून हलवून पाहिले, तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, अजिबात नव्हता. निव्वळ हाताच्या अंदाजाने आवळलेला नट सैल राहिला तर चाक डुगडुगते, सील फाटते आणि ब्रेकची डिस्क घासू लागते. जास्त आवळला तर बेअरिंग तापून जळते. या दोन्ही टोकांच्या मधली जागा मोजून सापडते, म्हणून मोजणाऱ्या माणसाकडेच हे काम द्यावे.

लॉकिंगच्या यंत्रणेत मात्र त्यांनी ग्रीसचा फक्त हलका हात फिरवला. तिथेही ठासून ग्रीस भरण्याची चूक बऱ्याच ठिकाणी होते. थंडीत ते घट्ट झाले की कडी पूर्ण सरकत नाही आणि नवा हबही जुन्यासारखाच अर्धवट लागतो. अ‍ॅक्सलच्या टोकाची सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी, नवी घातली, सहा बोल्ट टॉर्क पान्याने समोरासमोरच्या क्रमाने आवळले आणि गाडी थोडी चालवून झाल्यावर पुन्हा आणायला सांगितली. परत नेली तेव्हा एक बोल्ट किंचित वळला, म्हणजे ती फेरी वाया गेली नाही.

जुन्या व्हॅक्यूमच्या वाटेबद्दल गॅरेजशी आधीच बोलून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. हब बदलल्यावर त्या नळ्या निकामी होतात, पण त्या नुसत्या लोंबकळत सोडल्या तर पंपाचा व्हॅक्यूम तिथून गळतो, आणि तोच पंप ब्रेकचे पेडल हलके करणाऱ्या बूस्टरलाही व्हॅक्यूम देत असतो. घाटात ब्रेकचे पेडल दगडासारखे कडक होणे हा त्याचा परिणाम असू शकतो. आमच्याकडे नळी सोलेनॉइडच्या आधीच, पंपाच्या बाजूने कायमची बंद केली, नकलवरचे भोक पितळी प्लगने बुजवले आणि आतले सील नवे घातले, कारण व्हॅक्यूमसाठी त्याची गरज संपली तरी पाणी अडवण्यासाठी ते लागतेच. काम संपल्यावर पुढची दोन्ही चाके स्टँडवर उचलून तपासणी झाली. हब फ्री ठेवून चाक फिरवले तेव्हा चाकामागचा अ‍ॅक्सल शांत राहिला, लॉक करून फिरवले तेव्हा तो चाकाबरोबर फिरला. ही तपासणी कोणत्याही मालकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पावसाळ्यात याचा उपयोग पुरेपूर झाला. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत पेठच्या बाजूला पावसाला खंड नसतो आणि बांधावरून खाचरापर्यंतची वाट म्हणजे निव्वळ राड. डांबरी रस्ता सोडण्यापूर्वी दोन्ही हब लॉक करायचे आणि दिवसभर तसेच ठेवायचे, ही सवय लगेच अंगवळणी पडली. हब लॉक असताना गाडी टू-व्हील ड्राइव्हमध्ये डांबरावर चालवली तर काही बिघडत नाही, फक्त पुढचे भाग उगाच फिरतात. डांबरावर टाळायचे असते ते ट्रान्सफर केस फोर बाय फोरमध्ये ठेवणे, कारण वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबची वाट कापतात, दोन्ही शाफ्ट मात्र एकाच वेगाने फिरतात आणि सगळा पीळ शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसवर व गिअरवर येतो. हा फरक घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला समजावून द्यावा. तसेच एक हब लॉक आणि दुसरा फ्री अशी स्थिती कधीही राहू नये, म्हणून आमच्याकडे जो उतरतो तोच दोन्ही बाजू फिरवतो.

मला स्वतःला सर्वाधिक भावलेला फायदा मात्र द्राक्षांच्या हंगामात कळला. ऑटो हब असताना लो रेंज (वेग कमी करून ताकद वाढवणारा गिअर) टाकली की पुढची चाके आपोआप गुंतायची. आता हब फ्री ठेवून लो रेंज टाकता येते, म्हणजे ताकद फक्त मागच्या चाकांना आणि तीही मुंगीच्या गतीने. क्रेटांनी भरलेला हौदा कोल्ड स्टोरेजच्या चढावरून मागे नेताना क्लच जाळावा लागत नाही आणि काँक्रीटवर स्टिअरिंगही अडत नाही. यात सगळा जोर मागच्या अ‍ॅक्सलवर एकवटतो, म्हणून अ‍ॅक्सिलरेटर हलक्या पायाने द्यावा आणि रुतलेली गाडी काढायला ही युक्ती वापरू नये.

ज्यांची गाडी मुख्यतः शहरात चालते, ज्यांना भर पावसात उतरून चाकापाशी वाकणे गुडघ्यामुळे किंवा वयामुळे झेपत नाही, त्यांनी हा बदल करू नये. सावळघाटात अचानक दरडीची माती रस्त्यावर आली तर बसल्या जागी बटण दाबण्याची सोय त्यांना जास्त मोलाची आहे, आणि ऑटो हब नळ्या-सील बदलून नीट केले तर अजून चालतात. अ‍ॅलॉय व्हील असलेल्यांनी मधल्या भोकातून हबचे तोंड बाहेर येते का हे आधी मोजून घ्यावे. स्टीलच्या रिमवर आम्हाला अडचण आली नाही, फक्त मधली टोपी काढावी लागली.

हबच्या जोडीला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन, दीड गुण फिरकी, अक्षरे आणि गॅस्केटसाठी कापला आहे. गॅरेजच्या कामाला पूर्ण पाच. पावसाळा संपल्यावर हब उघडून पाहिला तेव्हा आतले ग्रीस दुधाळ झालेले नव्हते, म्हणजे पाणी शिरले नव्हते, तरीही ओ-रिंग दोन्हीकडे बदलल्या आणि पुसट झालेल्या अक्षरांच्या जागी लॉकच्या खुणेपाशी पंचने एकेक ठिपका मारून घेतला. उन्हाळ्यात फोर बाय फोरची गरज पडत नाही, पण महिन्यातून एकदा हब लॉक करून मळ्याच्या कच्च्या वाटेवर काही किलोमीटर गाडी फिरवतो, म्हणजे पुढच्या डिफरन्शियलमधले ऑइल वरपर्यंत फिरते आणि सील कोरडी पडत नाहीत.