हिंजवडीला रोज जायचे की घरूनच काम करायचे?

दोन ऑफर लेटर हातात आहेत. एक हिंजवडीतल्या कंपनीचे, आठवड्यातले निदान तीन-चार दिवस हजेरी मागणारे. दुसरे पगाराने थोडे कमी, पण पूर्णपणे घरून काम करू देणारे. महासाथीनंतरच्या काळात पुण्यातल्या आयटी क्षेत्रात असा पेच अनेकांपुढे येतो आणि सल्ला देणारे बहुधा स्वतःच्या सोयीलाच तत्त्व म्हणून सांगतात. हा आढावा पुण्यात खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या आणि मूळ घर सातारा, सांगली, लातूर किंवा जळगावकडे असलेल्या नोकरदाराला समोर ठेवून केला आहे.

सुरुवातीला एक गोष्ट लक्षात घ्यावी, ती म्हणजे कंपनीचे आजचे धोरण हे वचन नसते. टीसीएसने २०२० मध्ये जाहीर केले होते की २०२५ पर्यंत एका वेळी केवळ २५ टक्के कर्मचाऱ्यांनाच कार्यालयात यावे लागेल. प्रत्यक्षात ऑक्टोबर २०२३ पासून त्याच कंपनीने आठवड्याचे पाचही दिवस येण्यास सांगितले आणि २०२४ मध्ये व्हेरिएबल पे, म्हणजे पगाराचा कमी-जास्त होणारा भाग, थेट हजेरीशी जोडला. विप्रोने नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्यातून तीन दिवस, तर इन्फोसिसने मार्च २०२५ पासून ठरावीक श्रेणीपर्यंतच्या कर्मचाऱ्यांसाठी महिन्यातून दहा दिवस सक्तीचे केले. तेव्हा पगाराची तुलना करताना सीटीसीच्या, म्हणजे कंपनी वर्षभरात आपल्यावर करणार असलेल्या एकूण खर्चाच्या, आकड्यावर न थांबता व्हेरिएबलचा हिस्सा किती आणि तो कशावर अवलंबून आहे, हे दोन्ही पत्रांत बारकाईने वाचावे.

घरून काम केल्याने काम कमी होते की अधिक, हा वाद आता बराचसा निकाली निघाला आहे. चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या प्रवास कंपनीने, जिचे नाव पूर्वी सीट्रिप होते, २०१० च्या अखेरीस शांघायमधल्या आपल्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिन्यांचा प्रयोग केला. आठवड्यातले चार दिवस घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी सुधारली आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. मात्र याच प्रयोगात असेही दिसले की तेवढीच कामगिरी असताना घरून काम करणारे बढतीत मागे पडले, आणि पुढे निवडीची मोकळीक मिळाल्यावर प्रयोगातल्या निम्म्याहून अधिक जणांनी आपली जागा बदलली. दहा वर्षांनंतर त्याच कंपनीने १,६१२ कर्मचाऱ्यांवर, ज्यांत इंजिनिअरही होते, दोन दिवस घरून आणि तीन दिवस कार्यालयातून अशी रचना तपासली. २०२४ मध्ये नेचर नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार राजीनामे एक तृतीयांशाने घटले आणि कामगिरीत किंवा बढतीत फरक पडला नाही. बढतीची किंमत पूर्ण वेळ घरी राहणाऱ्याला मोजावी लागते, दोन दिवस घरी राहणाऱ्याला नाही, असा याचा अर्थ मी घेतो.

पैशांच्या बाबतीत घराचे पारडे उघडच जड आहे. हिंजवडीजवळच्या वाकडमधल्या वन बीएचकेचे भाडे महिना २०,००० रुपये धरले, तरी वर्षाचे २,४०,००० होतात. त्याशिवाय डिपॉझिट, दर अकरा महिन्यांनी कराराचे नूतनीकरण, दलाली, मेस आणि पेट्रोल. खोली सोडली तर घरभाडे भत्त्यावरची करसवलत जाईल, असा एक जुना युक्तिवाद अजूनही ऐकू येतो. परंतु नव्या करप्रणालीत ती सवलत मुळातच नाही, आणि २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून त्या प्रणालीत १२ लाख ७५ हजार रुपयांपर्यंतच्या पगारावर करच लागत नाही. त्यामुळे बहुसंख्य कनिष्ठ कर्मचाऱ्यांपुरता तो मुद्दा संपला आहे. घरी वाढणारे वीजबिलही लोक समजतात तेवढे मोठे नसते. लॅपटॉप, मॉनिटर, पंखा आणि दिवा मिळून दिवसाला दीड युनिटच्या आसपास जाते, म्हणजे महिन्याला तीस-पस्तीस युनिट. भर उन्हाळ्यात दुपारी एसी लावला की मात्र हे गणित बदलते, कारण महावितरणचा दर १०० आणि ३०० युनिटांच्या टप्प्यांवर चढत जातो.

प्रवासाबद्दल पुणेकरांना वेगळे सांगायला नको, तरी एक भेद करावा लागेल. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधले फेज वन आणि फेज थ्री ही रोजच्या जगण्याच्या दृष्टीने जणू दोन वेगळी गावे आहेत. वाकडचा पूल आणि भूमकर चौक ओलांडून फेज वनला पोहोचणारा माणूस आणि तिथून पुढे फेज थ्रीसाठी माण गावाच्या दिशेने आणखी रखडणारा माणूस यांना ‘हिंजवडीची नोकरी’ हे एकच नाव लावणे चुकीचे ठरते. ऑफर स्वीकारण्यापूर्वी कार्यालय नेमके कोणत्या फेजमध्ये आहे, कंपनीची बस आहे का आणि सकाळी आठच्या आत येऊन चारला निघण्याची मुभा आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्याचे उत्तर होकारार्थी असेल, तर प्रवासाविरुद्धचा निम्मा आक्षेप तिथेच गळून पडतो.

आता ज्या मुद्द्यावर माझ्या मते निर्णय व्हायला हवा, त्याकडे येतो. अनुभव तीन वर्षांहून कमी असेल तर कार्यालय निवडावे, मग भाडे कितीही जाचक वाटो. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक वापरत असलेल्या यंत्रणेत, काहीतरी बंद पडते, नवखा मुलगा दोन तास लॉग, म्हणजे यंत्रणेच्या नोंदी, चाळत बसतो. शेजारचा सीनियर चहाचा कप हातात घेऊन मागे उभा राहतो, वाकून पडद्यावरच्या एका ओळीकडे बोट दाखवतो आणि ‘हा टाइमस्टॅम्प बघ, सर्व्हर यूटीसीमध्ये आहे’ एवढे बोलून, म्हणजे नोंदींतली वेळ भारतीय नसून जागतिक प्रमाणवेळ आहे हे दाखवून, निघून जातो. घरी असताना याच अडचणीसाठी पिंग करावे लागते, उत्तर येते की ‘चारनंतर कॉल लावू’, आणि चारपर्यंत मुलगा एक तर अंदाजाने काहीतरी बदलून मोकळा होतो किंवा एवढ्यासाठी काय विचारायचे म्हणून गप्प बसतो. अशा न विचारलेल्या प्रश्नांचा हिशेब तिसऱ्या-चौथ्या वर्षी नोकरी बदलताना, मुलाखतीत होतो. सेवा कंपन्यांत याला बेंचची, म्हणजे हाती प्रोजेक्ट नसलेल्या काळाची, जोड असते. प्रोजेक्ट संपल्यावर पुढचे काम कोणाला द्यायचे, हे ठरवणाऱ्याला ज्याचा चेहरा आठवतो त्याचे नाव आधी पुढे येते; हे न्याय्य नाही, पण असे घडते.

अनुभवी माणसाचे चित्र वेगळे आहे. त्याला कामातले बारकावे ठाऊक असतात, ओळखी झालेल्या असतात आणि कार्यालयात त्याचा बराच वेळ इतरांच्या अडचणी सोडवण्यात जातो. कंपनीला नेमके हेच हवे असते, त्याला मात्र स्वतःचे काम त्यामुळे संध्याकाळी घरी जाऊन करावे लागते. अशा माणसाने घर निवडताना एकच कसोटी लावावी, ती म्हणजे घरात दार बंद होणारी खोली आहे का. गावाकडचे घर मोठे असते, पण ‘घरीच आहेस ना, तेवढे बँकेत जाऊन ये’ हे वाक्यही तिथेच ऐकू येते. लॅपटॉपसमोर बसलेला मुलगा काम करतो आहे, हे वडीलधाऱ्यांना पटायला वेळ लागतो. सुनेच्या बाबतीत तर अनेक घरांत ते पटतच नाही, आणि तिचे घरून काम म्हणजे कुकर आणि क्लायंट कॉल एकाच वेळी सांभाळणे होऊन बसते. म्हणून स्त्रियांसाठी घरून काम सोयीचे, हे सरसकट विधान मला मान्य नाही. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने रजेनंतर घरून काम करण्याची तरतूद केली, परंतु ती कामाचे स्वरूप आणि दोन्ही बाजूंची संमती यांवर सोपवली आहे. त्याउलट, ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा ही मालकावरची सक्ती आहे. लहान मूल असलेल्या आईने दोन कंपन्यांची तुलना करताना पाळणाघर प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

मधला एक मार्गही आहे, ज्याचा विचार फारसा होत नाही. नागपूरच्या मिहान या औद्योगिक प्रकल्पात टीसीएस, इन्फोसिस आणि एचसीएलची केंद्रे आहेत. विदर्भातल्या उमेदवाराला पुणे की घर या दोनच पर्यायांत अडकण्याचे कारण नाही. मुलाखतीच्या वेळीच नागपूर केंद्राची मागणी करता येते.

निवड घराच्या बाजूने झालीच, तर नेमणूकपत्रातला ‘बेस लोकेशन’, म्हणजे नेमणुकीचे ठिकाण, हा रकाना पाहावा. तिथे पुणे लिहिले असेल आणि घरून काम करण्याची परवानगी केवळ मॅनेजरच्या तोंडी शब्दावर असेल, तर तो मॅनेजर बदलल्यावर ती परवानगी कुठेच नोंदलेली नसते. एचआरकडून ई-मेलवर लेखी उत्तर मागावे, पुन्हा पुण्यात बोलावल्यास किती दिवसांची पूर्वसूचना मिळेल हेही त्यात लिहून घ्यावे, आणि ते उत्तर हातात पडेपर्यंत घरमालकाला खोली सोडण्याची नोटीस देऊ नये.