मे महिन्यात गाडीने कोकण: महामार्ग की किनारा?

भाची आणि जावई पनवेलहून सावंतवाडीपर्यंत नातेवाइकांकडे मुक्काम करत जाणार आहेत. कुठल्या रस्त्याने, हेच ठरत नाही.

वेळेचा हिशोब केला तर मुंबई-गोवा महामार्गच बरा. कशेडीच्या बोगद्यामुळे घाटाची वळणं टळतात. चिपळूण, लांजा, कणकवली रस्त्यावरच लागतात. पण मे महिन्यात चाकरमान्यांची गर्दी असते, म्हणून पहाटेच निघावं.

किनाऱ्याने गेलात तर आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या. गाडी बोटीवर चढते, हँडब्रेक ओढून दोघं कठड्याशी उभे राहता, आणि खाडीचा वारा लागला की उकाडा विसरायला होतो. मला हे फार आवडतं. तिकिटाचा खर्च वाढतो, अरुंद रस्त्यावर चालवणारा दमतो. शेवटची बोट चुकली तर मोठा वळसा पडतो, म्हणून वेळा आधी विचाराव्यात.

आंब्याच्या पेट्या मात्र परतीलाच घ्या, बंद गाडीत फळ लवकर पिकतं.

रजा थोडी असेल, सोबत म्हातारी माणसं असतील किंवा नातेवाईक महामार्गालगतचे असतील तर महामार्ग. हाताशी आठवडाभर असेल आणि आप्तेष्ट श्रीवर्धन, दापोली, गुहागरकडचे असतील तर किनारा.