जिमच्या फ्रिजमधला प्रोटीन शेक आणि माझे २३,३७० रुपये

एकूण २३,३७० रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकते कारण घरी कळल्यावर पहिला प्रश्न तोच होता, "किती?", आणि तेव्हा मी नऊ-दहा हजार म्हणून वेळ मारून नेली होती. नवऱ्याने हे वाचलं तर वाचू दे, आता काय लपवायचं. हिशोब असा: माझं प्रोटीन शेकच्या ९० बाटल्यांचं पॅकेज, १२० च्या दराने १०,८००. भाच्याचं तेवढंच, ते पण माझ्याच फोनवरून भरलेलं, अजून १०,८००. वर बाटली तपासून घेतली त्या लॅबचे १,५०० आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,७७०. दोघांच्या मिळून १८० बाटल्यांपैकी हातात आल्या ४६. म्हणजे १६,०८० चा माल आलाच नाही, आणि जो ५,५२० चा आला तो काय होता ते वाचा.

पुण्यात कर्वेनगरातली जिम, नाव लिहीत नाही, तिथले लोक ओळखतील. पर्सनल ट्रेनर, गोड बोलणारा, सगळ्यांना ताई-दादा करणारा. पुढचं तुम्हाला माहितीच आहे, अशा गोष्टी कशा चालतात ते. आधी वजन करणार, मग "ताई तुमचं प्रोटीनच कमी पडतंय" म्हणणार, मग घाबरवणार की वर्कआउटनंतर अर्ध्या तासात प्रोटीन गेलं नाही तर सगळी मेहनत पाण्यात. हे अर्ध्या तासाचं जे आहे ना, सगळी गोम तिथेच आहे. घरी जाऊन दोन अंडी खाल्ली, वाटीभर उसळ खाल्ली तर चालणार नाही, आत्ता, इथेच, या फ्रिजमधली बाटली. नंतर वाचल्यावर कळलं की अर्ध्या तासाचा एवढा बाऊ करायचं कारणच नाही, दिवसभरात एकूण किती प्रोटीन जातंय त्यालाच जास्त महत्त्व. आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, आकडा आहे दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम, माझ्या ६२ किलोला साधारण ५१ ग्रॅम. व्यायाम करणाऱ्याला थोडं जास्त लागत असेल, पण आपल्या जेवणात थोडं लक्ष घातलं तर त्यातलं बरंचसं निघतं. हा मला ११० सांगत होता.

आणि मला मूर्ख म्हणण्याआधी एक ऐका. पावडरमध्ये डुप्लिकेट माल असतो, डबे रिफिल करतात, हे मला माहीत होतं. म्हणून तर मी पावडरला नाही म्हटलं आणि रेडीमेड बाटली घेतली! सीलबंद, छापील लेबल, हिरवा ठिपका, १४ आकडी लायसन्स नंबर, सगळं जागच्या जागी. एमआरपी १७५, "आपल्या मेंबरना १२०". ९० बाटल्यांवर ४,९५० वाचतात हे पण मीच मनातल्या मनात काढलं, त्याने सांगायच्या आधी. फ्रिज जिमच्या रिसेप्शनला, वीज जिमची, बाकीचे मेंबर माझ्यासमोर पीत होते. कोण संशय घेईल?

आता ते, जे आठवलं की अजून झोप उडते.

पहिल्याच दिवशी मी बाटली फिरवून मागचं कोष्टक वाचलं होतं. वाचलं नव्हतं असं नाही, आईला शुगर आहे म्हणून मी सगळ्याच पाकिटांची मागची बाजू बघते. २०० मिलीला प्रोटीन २५ ग्रॅम, कार्ब १४, फॅट ३, ऊर्जा ११५ कॅलरी. आणि मी खूश झाले! फक्त ११५ कॅलरी, आणि २५ ग्रॅम प्रोटीन, अजून काय पाहिजे! त्याला वर म्हटलं पण, "अरे वा, कॅलरी किती कमी आहेत." तो हसला. आता कळतंय का हसला.

प्रोटीनच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी, कार्बला ४, फॅटला ९. हे डाएट करणाऱ्या कुणालाही पाठ असतं, मलाही होतं. २५ चोक १००, १४ चोक ५६, तीन नव्वे २७. झाले १८३. बाटलीवर ११५. आणि मी काम काय करते तर भोसरीतल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. पुरवठादाराच्या बिलात ६८ पैशांचा फरक असला तरी फोन करून जीव खाते, आणि इथे ६८ कॅलरींचा फरक हातात धरून मी वा वा करत होते. पण तुम्हीच सांगा, घामाने निथळत असताना, पाठीमागे गाणी ढणढणत असताना कोण बेरीज करतं?

बेरीज केली भाच्याने. इंजिनिअरिंगला आहे, हॉस्टेलवर राहतो, त्याच्या अंगाला काही लागत नाही म्हणून मावशीने कौतुकाने पॅकेज घेऊन दिलं होतं. त्याचं पोट सारखं फुगायला लागलं म्हणून त्याने लेबल बघितलं आणि मला मेसेज केला, मावशी हे जुळत नाहीये. मग उलटा हिशोब मी केला. ११५ मधून कार्बचे ५६ आणि फॅटचे २७ वजा केले की उरतात ३२, भागिले ४, म्हणजे ८ ग्रॅम. म्हणजे कुणीतरी साध्या चॉकलेट फ्लेवर्ड मिल्कचं कोष्टक उचललं, प्रोटीनच्या ८ चे २५ केले आणि बाकीचे आकडे बदलायचा आळस केला. खरा आकडा लेबलवरच लिहिलेला होता!

तरी खात्री पाहिजे म्हणून एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबमध्ये सीलबंद बाटली दिली. रिपोर्ट: २०० मिलीला ७.८ ग्रॅम. ग्लासभर दुधात साडेसहा-सात असतं. तीस-पस्तीस रुपयांना कोपऱ्यावर मिळणारी गोष्ट १२० ला, आणि वर "ताई आता चेहऱ्यावर ग्लो दिसतोय" फुकट.

लायसन्स नंबर पण तेव्हाच एफएसएसएआयच्या, म्हणजे खाद्यपदार्थांची लायसन्स देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, फॉसकॉस साइटवर टाकून बघितला. नंबर खरा निघाला, फक्त तो दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका बेकरीचा होता. दोन मिनिटं लागतात बघायला, पैसे लागत नाहीत. १४ आकडे आहेत म्हणून समाधान मानू नका, नाव जुळतंय का बघा, आणि त्या लायसन्सवर तो पदार्थ बनवायची परवानगी आहे का तेही बघा.

तोपर्यंत बाटल्या येणं बंद झालेलं. आधी म्हणे गाडी अडकली, मग कंपनी फॉर्म्युला अपग्रेड करतेय, मग गणपतीत रस्ते बंद असतात ताई, विसर्जन झालं की देतो. विसर्जन झालं आणि साहेबांनी जिम सोडली. मालक म्हणतो तो आमच्या पगारावर नव्हताच, फ्रीलान्स होता, आमचा संबंध नाही. फ्रिज तुमचा, जागा तुमची, पाटी तुमची, आणि संबंध नाही! बरं, पैसे गेले होते क्यूआर स्कॅन करून, आणि क्यूआरवर नाव तिसऱ्याच बाईचं. दुकानाच्या, कंपनीच्या नावाने खातं नसेल तर तिथेच थांबा, कितीही गोड माणूस असू दे.

मग सुरू झाल्या सरकारी फेऱ्या. चौकीत गेले तर समोरचे साहेब म्हणाले, "मॅडम, बाटल्या दिल्या ना त्याने? मग फसवणूक कुठली? हे दिवाणी मॅटर आहे." मी म्हटलं अहो फसवणुकीचं जुनं ४२० कलम नव्या न्याय संहितेत ३१८ झालंय ते मलाही माहितीये, खोटं सांगून पैसे घेतले की फसवणूकच ना? तर म्हणे ग्राहक मंचात जा. अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का सापडेना. एका हेल्पलाइनवर सांगितलं हा ऑनलाइन फ्रॉड नाही, तुम्ही स्वतः समोर उभं राहून स्कॅन केलंय. बँकेचं तेच, ट्रान्झॅक्शन ऑथोराइज्ड आहे. म्हणजे चोराने माझा फोन चोरून पैसे काढले असते तर माझी केस जास्त भक्कम झाली असती!

आणि ज्या खात्याचं कामच हे बघण्याचं आहे, त्या अन्न व औषध प्रशासनात तर कहर. बिल आणा. बिल नाही, स्क्रीनशॉट आहे. स्क्रीनशॉटवर प्रोटीन शेक लिहिलंय का? नाही, कोण लिहितं! लॅब रिपोर्ट पुढे केला तर हातही लावला नाही, खाजगी रिपोर्ट चालत नाही, नमुना आमच्याच अधिकाऱ्याने घेतला पाहिजे, त्याचे चार भाग करावे लागतात. मग या ना, घ्या नमुना! फ्रिज अजून तिथेच आहे. स्टाफ कमी आहे मॅडम.

घरी येऊन मी कायदाच उघडून बसले. २००६ चा अन्न सुरक्षा कायदा, कलम ४०. साधा ग्राहकसुद्धा फी भरून सरकारी फूड अ‍ॅनालिस्टकडून तपासणी करून घेऊ शकतो, माल खराब निघाला तर फी परत. मी म्हटलं चला, काहीतरी आहे. तर खाली अट: विकत घेतानाच विक्रेत्याला सांगायचं की मी हे तपासायला देणार आहे. म्हणजे मी काउंटरला उभी राहून म्हणायचं, दादा एक चॉकलेट शेक द्या, लॅबला पाठवायचंय. तो देणार आहे का तीच बाटली? कुणी लिहिली असेल ही अट!

लेबलात खोटं लिहिलं तर याच कायद्यात तीन लाखांपर्यंत दंड आहे. कागदावर छान दिसतं. तक्रार १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, नोंदवून ठेवा, निदान तक्रारीचा नंबर मिळतो. ग्राहक आयोगात, म्हणजे चौकीतले साहेब म्हणाले त्या ग्राहक मंचातच, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत आहे, वकील सक्तीचा नाही. मी तीच फाईल तयार करतेय आता. लेबलचे फोटो, बॅच नंबर, चॅट, सगळं काढलंय. रिकाम्या बाटल्या फेकू नका हे सगळ्यांना सांगते, मी धुऊन त्यात मनीप्लांट लावला होता, नशीब लेबल शाबूत राहिलं.

एकदम तीन महिन्यांचं काहीही भरू नका. कॅश दिली तरी बिल मागा, बिल मागितल्यावर ज्याचं तोंड पडतं त्याच्याकडून पाणीसुद्धा घेऊ नका.

परवा त्याचं स्टेटस एका जुन्या मेंबरने पाठवलं. हडपसरकडची कुठलीतरी जिम, त्याच फ्रिजसारखा फ्रिज, बाटलीवर नवीन रंगाचं लेबल, "फक्त आपल्या मेंबरसाठी १३५". मी फोटो मोठा करून कोष्टक वाचायचा प्रयत्न केला, ऊर्जेची ओळ धूसर आहे. कुणी तिकडे जात असेल तर बाटलीचा मागचा फोटो काढा. आणि कर्वेनगरच्या बॅचमधल्या ज्यांनी १२० च्या दराने पैसे भरलेत त्यांनी लाजू नका, मी पण लाजतेच आहे. आयोगाच्या परवानगीने सगळ्यांची मिळून एकच तक्रार करता येते, यूपीआयचे स्क्रीनशॉट तेवढे डिलीट करू नका.