वाशीतलं माशांचं दुकान: मासे मस्त, हीटर बघून घ्या

मासे एकदम तरतरीत, टाक्या स्वच्छ, काकांना माहितीपण भरपूर. मी गोल्डफिश आणि डिस्कस एकाच टाकीत ठेवू का विचारलं तर हातच जोडले, म्हणाले अहो गोल्डफिश थंड पाण्याचा आणि डिस्कसला २८ ते ३० डिग्री लागतं, कोणाला तरी मारणार तुम्ही! मग अर्धा तास लेक्चर, बाकी गिऱ्हाईक ताटकळतंय, की पाणी तापलं की माशाच्या पेशीत हीट शॉक प्रोटीनची जीन्स चालू होतात, बिघडलेली प्रोटीन्स सावरायला, पण अंटार्क्टिकाच्या काही माशांनी पिढ्यानपिढ्या कायम थंडीत राहून ही सोयच गमावलीय, उलट रक्त गोठू नये म्हणून अँटिफ्रीझ प्रोटीन कमावलंय. भारी वाटलं राव, फुकटात एवढं कोण सांगतं.

पण हीटर! २६ वर लावलेला, सकाळी थर्मामीटर बघतो तर ३२, गप्पी सगळे वर येऊन तोंड उघडझाप करतायत, दोन गेलेच. बदलून घ्यायला चार फेऱ्या, वर काका म्हणे गप्पी काटक असतात. काटक असले तरी जीन्स बदलायला पिढ्या लागतात हे तुम्हीच सांगितलं ना काका? मासे इथूनच घेणार, हीटर दुसरीकडून.