मानेला हिसका बसल्यानंतरची डोकेदुखी : आठ महिन्यांच्या फिजिओथेरपीचा अनुभव

सिग्नलला थांबलेल्या आमच्या गाडीला मागून टेम्पोची धडक बसली आणि माझ्या मानेला जोराचा हिसका बसला. एक्स-रेमध्ये काही निघाले नाही. मात्र चौथ्या दिवसापासून उजव्या मानगुटीतून निघून डोळ्याच्या वर येऊन ठाण मांडणारी डोकेदुखी मागे लागली. मी तिला अर्धशिशी समजून गोळ्या घेत राहिले. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून 15 किंवा त्याहून अधिक दिवस घेत राहिल्यास त्यांच्यामुळेच डोके दुखू लागू शकते, हे मला फार उशिरा कळले.

पहिल्या दवाखान्यात दीड महिना शेक, आयएफटीचे (सौम्य विजेच्या प्रवाहाने वेदना कमी करणारे) मशीन आणि ट्रॅक्शन, म्हणजे मान ताणणे, एवढेच झाले, शिवाय गळ्यात दिवसभर पट्टा. शेकाने तासाभराचा आराम पडे, पट्ट्याने मान अधिकच आखडली. मान कुठे अडते, हे तिथे एकदाही कोणी तपासले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

दुसऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्याच भेटीत मला उताणे झोपवले, हनुवटी छातीकडे पूर्ण वाकवली आणि डोके दोन्ही बाजूंना वळवून पाहिले. या स्थितीत मान साधारण 44 अंश वळते. माझी उजवीकडे जेमतेम 20 अंशांवर अडली आणि नेमकी तीच कळ डोळ्यापर्यंत गेली. मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्याची संवेदना वाहणारी नस यांचे संदेश एकाच केंद्रात पोहोचतात, त्यामुळे दुखणे मानेचे असूनही ते कपाळात जाणवते, असे त्यांनी समजावले.

आठवड्यातून दोनदा बाई मानेचे वरचे सांधे हाताने हलका दाब देऊन मोकळे करत. घरी मी पंच्याची कड मानगुटीखाली धरून, तो हलकेच पुढे ओढत मान वळवत असे. खरा फरक मात्र एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या व्यायामाने पडला. मानेखाली दाबमापक जोडलेली हवेची छोटी पिशवी ठेवून त्याचा काटा 20 वर आणायचा, ‘हो’ म्हणताना हलते तेवढीच हनुवटी वाकवून तो 22 वर न्यायचा आणि दहा सेकंद स्थिर धरायचा, असे दहा वेळा. सुरुवातीला काटा थरथरत असे. गळ्याच्या बाजूचे स्नायू दोरीसारखे ताठ झाले की बाई ती खेप मोजत नसत. असे टप्प्याटप्प्याने काटा वाढवत 28 गाठायला मला तीन महिने लागले.

ऑस्ट्रेलियात 200 रुग्णांवर झालेल्या आणि 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा व्यायामाचा आणि हाताने केलेल्या उपचाराचा लाभ वर्षभरानंतरही टिकलेला दिसला. तो मानेमुळे होणाऱ्या डोकेदुखीचा अभ्यास होता, केवळ अपघातग्रस्तांचा नव्हे, हे लक्षात ठेवलेले बरे. अपघातानंतर चक्कर, दुहेरी दिसणे किंवा हाताला बधिरपणा असेल तर मानेला कोणाचाही हात लावू देण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.

पूर्वी आठवड्यातले पाच दिवस डोके दुखत असे. आता महिन्यातून दोन-तीनदा, तेही उत्तरपत्रिका तपासताना मान तासन्‌तास खाली राहिली तरच. तेव्हा मी उठते, पंचा घेते आणि बहुतेक वेळा गोळीची गरज पडत नाही.